आख्खा माल विकायचा असतो

तीर्थरूप वन्सं,

पायांवर डोकं ठेवते. खरं तर कागदावरच ठेवते, कारण खाली वाकले तर मला उठवायला माणूस लागतं आणि सूनबाई कामावर गेली आहे. तेव्हा नमस्कार पोचला असं समजा आणि आशीर्वाद जरा सढळ हातानं द्या, इथे सध्या त्याची टंचाई आहे. तुमचा खुबा कसा आहे? नवा बसवलेला कुरकुरतो, की तुमच्या धाकानं गप्प असतो? काठी घेऊन चालायला लागलात असं तुमच्या लेकानं कळवलं, बरं वाटलं. काठी टेकायची असते, लोकांवर रोखायची नसते, हे तुम्हांला सांगणारी मी कोण, पण स्वभाव ठाऊक आहे म्हणून लिहिलं. डोळ्यांत थेंब घालता ना? भिंग घेऊन सावकाश वाचा. पत्र लांब आहे. बातमी आनंदाची आहे आणि ती शेवटाकडे आहे, पण आधी शेवट वाचू नका (तुम्ही वाचता, मला माहीत आहे).

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं हं हं म्हणता आणि मग भलतंच उत्तर देता. मागे मी म्हटलं, यांचं खाणं सुटलंय, तर तुम्ही म्हणालात, छान, आता सवय ठेव म्हणावं. शिवाय फोन सूनबाईचा, ती बाजूला उभी राहते, आणि काही गोष्टी अशा असतात की त्या सुनेसमोर नणंदेला सांगता येत नाहीत. (सून चांगली आहे. हे वाक्य मी तिच्या पाठीमागे लिहिते आहे, तेव्हा खरं समजावं.) शाळा माझी चौथीपर्यंतची, तीही अर्धी वर्गाबाहेर उभी राहून झालेली, त्यामुळे शुद्धलेखनाकडे बघू नका, त्यानंही माझ्याकडे कधी बघितलं नाही.

तर वन्सं, जोडीचा कारखाना बंद पडला हे तुम्हांला माहीत आहेच. तुम्ही लग्न होऊन दूर गेलात, तुमच्याकडे जोडी म्हणजे दुकानातला एक खाऊ असेल, पिवळी पुडी, आत क्रीम भरलेले दोन मऊ रोल, प्रवासात भूक लागली तर. आमच्याकडे तसं नव्हतं हे तुम्ही विसरला नसाल. इथे सगळा गाव त्या वासावर वाढला. सकाळी भट्टी पेटली की साखर करपल्यासारखा गोड वास गल्लीत शिरायचा, दोरीवरच्या कपड्यांत बसायचा, केसांत बसायचा. परगावी गेलं की लोक विचारायचे, बाई, तुम्ही काय लावता? काही लावत नाही हो, राहतो तिथे. मूल झालं की जोडी, पास झालं की जोडी, नापास झालं तरी समजूत काढायला जोडी. कुणी गेलं तर त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारच्या बायका दारात पुड्या ठेवून जायच्या. भांडण मिटवायचं असलं तर समोरच्याच्या दारात जाऊन पुडी फोडायची, एक रोल त्याला, एक आपल्याला, आणि तोंडात क्रीम असताना माणसाला फार वेळ रागावता येत नाही. दोन शेजाऱ्यांनी भिंतीच्या वादात अशा किती पुड्या फस्त केल्या असतील. भिंत तशीच राहिली, दोघांना साखरेचा आजार झाला, पण बोलणं टिकलं.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, आमच्यापैकी कुणी आपल्या घरात, आपल्यासाठी म्हणून पुडीतला आख्खा रोल कधी खाल्ला नाही. हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पट्ट्यावरून रोल येत, तिथे निवडणीला माणसं उभी असत, आणि तुम्हांला तर माहीतच आहे, तुमचे बंधू जन्मभर तिथेच उभे राहिले. चांगला रोल उजवीकडे, तो पुढे पुडीत जायचा. मोडका, चेपलेला, क्रीम बाहेर आलेला डावीकडच्या ट्रेमध्ये. करपलेला खाली पायाशी, बादलीत. पाळी सुटली की डावीकडचा ट्रे कामगारांत वाटून टाकायचा. आख्खा माल विकायचा असतो, मोडका आपला. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण आख्खा रोल खिशात घालून घरी नेला असं कुणाबद्दल म्हटलं तर त्या घरात लोक मुली देत नसत. पुड्या देवघेवीला, पाहुण्याला, दुसऱ्याच्या दाराला. घरी आपल्या तोंडात पडायचा तो चुरा. आमची पोरं मोठी झाली तेव्हा त्यांना बाहेरगावच्या दुकानात आख्खा रोल दिसला तर त्यांना वाटायचं, हा कुणीतरी चिकटवलाय.

तुम्ही कारखान्यात पुडीखात्यात, रोल पुड्यांत भरायला होतात तेव्हाची गोष्ट हे मला नेहमी सांगायचे. आई गेली तेव्हा हे लहान, आणि तुम्ही फ्रॉकवरून थेट एप्रनमध्ये. पाळीवरून आलात की डब्यात मोडके असायचे आणि तुम्ही यांना समोर बसवून एकेक तुकडा भरवायचात, हे खायला नखरे करायचे म्हणून हातावर चापट्याही द्यायचात. लग्न ठरवायला तुम्ही दोघं आमच्या घरी आलात तेव्हा हातात कागदात बांधलेलं मोडक्यांचं पुडकं घेऊन आला होतात. माझ्या आईला वाटलं, हे लोक चुरा घेऊन आलेत, आपल्याला काय समजतात. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, "बाजारातली पुडी पाहुण्याला देतात. हे घरच्यांसाठी असतं." तेवढ्यावर आईनं होकार दिला. माझं मत कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर चुरा छान होता.

असो. कुठल्या कुठे गेले. तर बंद होणार अशी बातमी आली आणि सगळ्या जगाला एकदम आमची आठवण आली. दूरदूरहून लोक गाड्या घेऊन आले. फाटकासमोर उभे राहून, हातात पुडी धरून, गालाला लावून फोटो काढत होते. एक बाई, चांगली शिकलेली, उंची चप्पल, माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, आजी, आमचं बालपण गेलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, उगी, आमचं तर दुपारचं जेवणही गेलं. तिनं ते कुठेतरी लिहून टाकलं म्हणे, आणि पुष्कळ लोकांना आवडलं. शेवटच्या दिवशी मालकांनी भाषण केलं, आपण सगळे एक कुटुंब आहोत असं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून कुटुंबाला फाटकातून आत घेतलं नाही. तुमचा भाचा भट्टीवर होता, तो आता लांबच्या एका गोदामात खोकी उचलतो आणि सवड मिळेल तसा येतो. आला की झोपतो, उठला की जातो. त्याच्याशी माझं बोलणं हल्ली त्याच्या मोज्यांमुळेच होतं, मी धुते म्हणून.

दुकानांत झुंबड उडाली होती. जोडी नासत नाही अशी तिची ख्याती, त्यामुळे लोकांनी घरं भरून घेतली. सूनबाई तशी काटकसरी, पण तिनंही पलंगाखाली खोकी सरकवली, आता त्या पलंगावर झोपलं की पाठीखाली गावाचा इतिहास टोचतो. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं एक पुडी काचेच्या पेटीत ठेवून आत दिवा लावलाय. मुंग्या त्या पेटीला वळसा घालून शेजारच्या साखरेकडे जातात. तो म्हणतो, बघा, मुंग्यांनाही आदर आहे. मला वाटतं, मुंग्यांना कळतं. पण दुःखातल्या माणसाशी मुंग्यांवरून वाद घालू नये.

आता यांचं सांगते. हे रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कारखान्याचा भोंगा काही यांच्यापुरता रिटायर झाला नव्हता. पहिल्या भोंग्याला उठणं, दुसऱ्याला आंघोळ, जेवणाच्या भोंग्याला ताटावर, संध्याकाळच्या भोंग्याला चहा. घरात घड्याळ आहे, पण त्याच्याकडे हे पाहुण्यासारखे बघायचे. मग भोंगा बंद झाला. पहिल्या दिवशी सकाळी हे अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहिले. मी म्हटलं, उठा, उजाडलं. म्हणाले, "अजून झाला नाही." मी म्हटलं, तो आता व्हायचा नाही. त्यावर माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मीच बंद केलाय. त्यानंतर यांचं बोलणं कमी होत गेलं आणि एक दिवस संपलं. नळाचं पाणी जातं ना, आधी बारीक धार, मग थेंब, मग नुसता नळ, तसं. ताटावर बसवलं तर बसायचे, घास हातात धरायचे आणि ठेवून द्यायचे. खिडकीशी खुर्ची टाकून दिवसभर बसून असायचे आणि टेबलाच्या कडेवर बोटं चालायची. आधी वाटलं थरथर आहे. मग नीट बघितलं तर उजवीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. हे कामावर होते.

डॉक्टरांना आणलं. (तरुण आहे, हात गार आहेत, पण मनानं चांगला.) त्यांनी छाती बघितली, जीभ बघितली, गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला, म्हणजे पायाला अजून मत आहे. मग मला म्हणाले, आजी, यांना आवडीचं काहीतरी खायला द्या. वन्सं, इतका संसार केला आणि या माणसाला काय आवडतं ते मला सांगता येईना. काहीही वाढलं तर चालेल म्हणायचे. खारट झालं, चालेल. करपलं, चालेल. एकदा मी चुकून सुनेच्या औषधी काढ्यात दूध घालून चहा म्हणून दिला, तर तेही चाललं. अशा माणसाची आवड कुठे शोधायची? सूनबाई म्हणाली, "सासूबाई, मामंजींना जोडी आवडत असणार." मी म्हटलं, हो की गं, आणि मला कोण आनंद झाला. मनात आलं, जन्मभर या माणसानं मोडका खाल्ला, डाव्या हाताचा माल खाल्ला. आता कंपनी नाही, मुकादम नाही, कोण विचारतंय. आता यांना मी आख्खा रोल खायला घालीन. पलंगाखालची पुडी काढली, चांगली पाहुण्यांची बशी घेतली, मधोमध रोल ठेवला, बाजूला चमचा. राजाला वाढावं तसं वाढलं.

यांनी रोल उचलला. फिरवून बघितला. खालून क्रीम भरायची छिद्रं बघितली, अंगठ्यानं हलकेच दाबून बघितला. आणि टेबलावर उजवीकडे ठेवून दिला.

दुसरा दिला, तोही उजवीकडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी म्हणायची, खा हो, तुमच्यासाठीच आहे. हे बघायचे, पास करायचे, उजवीकडे ठेवायचे. टेबलावर एका ओळीत रोल मांडलेले, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, आणि हे उपाशी. सूनबाईनं ते पुन्हा पुडीत घालून ठेवले, मी तेच दुसऱ्या दिवशी काढले, यांनी तेच पुन्हा पास केले. एक रोल तर इतक्या वेळा पास झाला की त्याला बढती द्यायला हवी होती. आम्ही दोघी बायका हसायचो, आणि हसता हसता सूनबाई मोरीत तोंड धुवायला जायची आणि बराच वेळ यायची नाही.

मग तिच्या डोक्यात आलं की पुड्या जुन्या झाल्या, क्रीम वाळलं, म्हणून खात नसतील, आपण घरी ताजे करू. मला तेव्हाच म्हणायला हवं होतं की जे करायला चार मजली कारखाना लागतो ते दोन बर्नरवर होत नाही. पण नव्या गोष्टीला मी कधी नाही म्हणत नाही, हा माझा दोष आहे (तुम्हीच पुष्कळदा दाखवून दिला आहे). चांगली डझनभर अंडी फोडली, मिक्सर लावला. झाकण मी धरायचं ठरलं होतं. मी धरलं होतं. मग मला आठवलं की दारावर दूधवाला आलाय का बघावं. वन्सं, क्रीम इतकं लांब जातं हे मला ठाऊक नव्हतं. छतावर गेलं, कॅलेंडरवर गेलं, सूनबाईच्या चष्म्यावर गेलं, आणि ती तशीच आंधळी उभी राहून शांतपणे म्हणाली, "सासूबाई, बंद करा, मग दूध बघा." उरलेलं सुईनं भरलं, कारण भरायची मशीन कुठून आणायची. जनावरांच्या डॉक्टराकडून मोठी सुई आणली होती, नवी, तुम्ही तोंड वाकडं करू नका. रोल झाले ते उशीसारखे, एक बाजू भाजलेली, दुसरी विचारात पडलेली. बशीत घालून नेले. यांनी एक उचलला, फिरवला, खाली वाकले आणि पायाशी टाकून दिला. उजवीकडे नाही, डावीकडेही नाही. बादलीत. सूनबाईचा चेहरा उतरला. मी म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस, निदान त्यांनी मत दिलं.

पण त्यात हसण्यासारखं फार राहिलं नव्हतं. यांच्या अंगावरचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला. डॉक्टर पुन्हा आले, मनगट धरून बसले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, आजी, सोमवारपर्यंत बघू, नाहीतर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, नाकातून नळी घालावी लागेल. मी विचारलं, मग परत कधी आणायचं? ते पेनाचं टोपण लावत राहिले. टोपण लावायला इतका वेळ लागत नाही. मी मागे जी खुर्ची होती तिच्यावर मटकन बसले.

खुर्चीवर पुडी होती.

फट्ट असा आवाज झाला. सूनबाई दचकली, डॉक्टर दचकले. मी उठले, मागे हात लावून बघितलं, पुडी चेपून पोळीसारखी झालेली, एका कडेनं फाटून क्रीम बाहेर. माझं वजन तुम्हांला माहीत आहे. मला इतकी लाज वाटली की मी ती पाठीमागे लपवायला लागले. तेवढ्यात माझ्या मनगटाला कुणीतरी धरलं. यांनी. खुर्चीतून अर्धे उठून, हात लांब करून. माझ्या हातातून पुडी घेतली, फाडली, आतला चुरा तळहातावर घेतला, बघितला, आणि खाल्ला. वन्सं, बोटं चाटून खाल्ला. आम्ही तिघं तोंडाकडे बघत उभे. डावीकडचा माल होता तो. मोडका होता, म्हणजे आपला होता. मी वेडी इतके दिवस त्यांना विकायचा माल वाढत होते, आणि तो माणूस भुकेनं मरायला तयार होता, पण कंपनीचा रोल खायला तयार नव्हता. आणि वन्सं, खाऊन झाल्यावर बोललेसुद्धा. काय बोलले ते सांगते, पण आधी डॉक्टरांचं सांगते. ते बिचारे विचारात पडले. मला म्हणाले, "आजी, तुम्ही रोज बसू शकाल का?" मी म्हटलं, डॉक्टर, आयुष्यभर कुणी बसू दिलं नाही, आता औषध म्हणून बसायला सांगताय तर बसते. आता दिवसातून दोनदा, जेवणाआधी, मी पुडीवर बसते. सूनबाई खाली फडकं घालते.

आणि नुसती जोडी नाही. मग मला युक्ती सुचली की जे आख्खं असेल ते मोडून द्यायचं. पाव दिला तर उजवीकडे, पाव कुस्करून दिला तर पोटात. उकडलेला बटाटा ठेचून, अंडं चिरडून, केळं हातानं तोडून. सफरचंदावर मी लाटणं मारते. शेजारीण विचारत होती, तुमच्याकडे सारखं काय आपटतं? मी म्हटलं, हे जेवतायत. सोमवारी डॉक्टर आले, वजन केलं, काटा पुढे गेला होता. नळीचं नाव काढलं नाही. वन्सं, मी त्या दिवशी इतकी आनंदात होते की डॉक्टरांनाही एक पुडी दिली, आख्खी, बाहेरच्या माणसाला देतात तशी. ते पायऱ्या उतरताना खात खात गेले. घरात तसा अंधारच आहे अजून, समोरच्या चिमणीतून धूर नाही, गल्लीला वास नाही, निम्म्या घरांना कुलपं आहेत, आणि पलंगाखालची खोकी काही जन्मभर पुरायची नाहीत. पण संध्याकाळी हे खिडकीशी बसून चुरा खातात आणि ओठांच्या कोपऱ्याला क्रीम लागलेलं असतं, तेव्हा मला तरी दुसरं काही मागावंसं वाटत नाही.

तर अशी ही आनंदाची बातमी. तुम्ही तब्येतीला जपा, जिना चढू नका, तुमच्या सुनेला माझा आशीर्वाद सांगा आणि तिला फार शिकवू नका, ती शिकलेलीच आहे. थोरांना नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण आता आपल्याहून थोर कोण उरलंय, तेव्हा तो नमस्कारही तुम्हीच घ्या.

तुमची धाकटी भावजय

ता. क. काय बोलले ते राहिलंच. चुरा खाऊन झाला, तळहातावर थोडा उरला होता, तो माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "तू पण खा अक्का. तू सगळं मलाच देतेस." डॉक्टरांना वाटलं, घरात मला अक्का म्हणत असतील. सूनबाई चूल पुसायला वळली होती, तिनं ऐकलं की नाही कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. अक्का हे फक्त तुम्हांला म्हणतात. मी खाल्ला. इतक्या महिन्यांनी बोलले होते, त्यात चूक कुठे काढत बसू.

आणखी ता. क. रागावू नका, पण तेव्हापासून मी तुम्हीच आहे. आणि खरं सांगू, त्यात माझी सोयच झाली. मी म्हटलं आंघोळ करा, तर जन्मात ऐकलं नाही. तुमच्या आवाजात म्हटलं, "ऊठ, आंघोळीला जा, नाहीतर चापट खाशील," तर निमूट उठले. औषध घेतात. नखं कापू देतात. तुमचा दरारा मोठा आहे वन्सं, मला पूर्वी त्याचा त्रास व्हायचा, आता रोज दोन वेळा वापरते. कधी कधी माझ्या कागाळ्याही सांगतात, म्हणजे माझ्याच, मलाच. चहात साखर कमी घालते, घोरते, असं. मी तुमच्या वतीनं माझी बाजू घेतली. तुम्ही घेतली असतीत की नाही देव जाणे.

शेवटचं ता. क. आता खरं काय ते लिहिते, मघापासून तेच लिहायचं होतं. परवा तिन्हीसांजेला खाऊन झाल्यावर यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "अक्का, ती कुठे गेली गं? बरेच दिवस दिसली नाही." मी म्हटलं, बाजारात गेली आहे, येईल. तर म्हणाले, "तिला नेहमीच उशीर होतो. भेटेल त्याच्याशी बोलत बसते." आणि दाराकडे बघत राहिले. काल पुन्हा विचारलं. आज सकाळी उठल्या उठल्या विचारलं. मी समोर बसले होते वन्सं, हातात ठेचलेलं केळं घेऊन, आणि मला माझ्याबद्दल काही सांगता येईना. तुमच्या खुब्याला प्रवास झेपणार नाही हे मला कळतं, तरी लेकाला सांगून गाडी करा आणि या. चार दिवस राहा, फार नको. तुम्ही खुर्चीत बसा, तुम्ही त्यांना दटावा, अक्का तुम्हीच व्हा. म्हणजे मला बाजारातून घरी येता येईल.